नवोदय विद्यालये : गुणवत्तेचा शोध आणि संधीची समता

खेड्यातील शाळेत पाचवीत शिकणारे एक मूल दोन तासांत 80 प्रश्न सोडविते. त्यांतील 40 प्रश्न बौद्धिक क्षमतेचे, 20 अंकगणिताचे व 20 भाषेचे असतात. निकाल अनुकूल लागला, तर सहावीपासून बारावीपर्यंतचे त्याचे शिक्षण, निवास, भोजन, गणवेश व पुस्तके यांचा भार प्रामुख्याने केंद्र सरकार उचलते. प्रतिकूल लागला, तर पुन्हा संधी नाही, कारण ही परीक्षा एकदाच देता येते. देशभरातून वीस लाखांहून अधिक मुले या चाचणीला बसतात आणि प्रत्येक विद्यालयात सहावीत जास्तीत जास्त 80 जणांना प्रवेश मिळतो. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांना जवाहर नवोदय विद्यालय हे नाव परिचित असते. त्यामागील आर्थिक व सामाजिक विचार मात्र सहसा पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

या कल्पनेचा उगम आंध्र प्रदेशात शोधावा लागतो. 1971 मध्ये पी. व्ही. नरसिंह राव त्या राज्याचे मुख्यमंत्री असताना नलगोंडा जिल्ह्यातील सर्वेल येथे ग्रामीण गुणवंतांसाठी निवासी शाळा सुरू झाली. पुढे राव केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री झाले आणि 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक जिल्ह्यात एक गतिदर्शक शाळा असावी, ही कल्पना अंतर्भूत झाली. तत्पूर्वीच 1985-86 मध्ये हरियाणातील झज्जर व महाराष्ट्रातील अमरावती येथे प्रायोगिक स्वरूपात दोन विद्यालये उघडण्यात आली होती. आज मंजूर विद्यालयांची संख्या साडेसहाशेच्या पुढे आहे. नवोदय विद्यालय समिती ही स्वायत्त संस्था त्यांचा कारभार पाहते. राज्य सरकारने सुमारे 30 एकर जमीन विनामूल्य द्यावी आणि इमारत उभी राहीपर्यंत तात्पुरती जागा पुरवावी, अशी व्यवस्था आहे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत गेला, त्याचे हे एक प्रत्यक्ष उदाहरण होय.

अर्थशास्त्राच्या भाषेत योजनेचा युक्तिवाद सरळ आहे. बुद्धिमत्ता उत्पन्नाच्या प्रमाणात वाटली गेलेली नसते, संधी मात्र तशी वाटली जाते. शेतमजुराच्या मुलीत गुंतवणूक केल्यास उद्या समाजाला मोठा लाभ होईल, हे खरे असले तरी त्या भावी लाभाच्या तारणावर तिच्या बापाला आज कोणी कर्ज देत नाही. बाजारपेठ जिथे अपुरी पडते, तिथे शासनाने उतरावे, हे तत्त्व येथे लागू पडते. शिवाय सुसज्ज प्रयोगशाळा, ग्रंथालय व प्रत्येक विषयाचा पदव्युत्तर शिक्षक या गोष्टी चाळीस मुलांच्या गावात उभ्या करणे परवडत नाही. म्हणून मुलांनाच एकत्र आणावे लागते.

या युक्तिवादाला विरोधही जुना आहे. 1964-66 च्या कोठारी आयोगाने समान शाळा पद्धतीचा पुरस्कार केला होता. निवडक मुलांसाठी वेगळी शाळा काढणे हे त्या विचाराशी विसंगत आहे, असा आक्षेप घेतला गेला आणि 1990 च्या आचार्य राममूर्ती समितीनेही या विद्यालयांविषयी शंका उपस्थित केल्या. वर्गातील सर्वांत हुशार मुले उचलून नेली, तर मागे राहणाऱ्या मुलांना कोणाकडे पाहून शिकायचे, हा प्रश्न मला आजही निरुत्तर करतो. नवोदयने परिसरातील शाळांना वाट दाखवावी, अशी मूळ अपेक्षा होती. तिची पूर्तता फारच थोडी झाली आहे. कुंपणापलीकडील जिल्हा परिषदेच्या शाळेला त्या प्रयोगशाळेचा कितीसा उपयोग होतो, हे कोणत्याही जिल्ह्यात जाऊन पाहता येईल.

येथे एका पद्धतिशास्त्रीय मुद्द्यावर थांबणे अगत्याचे आहे, कारण परीक्षार्थी नेमके येथेच चुकतात. नवोदयचे दहावी-बारावीचे निकाल उत्तम लागतात, म्हणून शाळा उत्तम, असे अनुमान काढले जाते. ते तर्कदुष्ट आहे. जिल्ह्यातून निवडून घेतलेली 80 मुले कोणत्याही बऱ्या शाळेत चांगलेच गुण मिळवितील. याला निवडीचा परिणाम म्हणतात. शाळेचे खरे योगदान मोजायचे असेल, तर या मुलांना प्रवेश मिळाला नसता तर ती कोठे पोहोचली असती, याचा अंदाज घ्यावा लागतो. त्यासाठी एक युक्ती आहे. प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलाचे आणि एक-दोन गुणांनी हुकलेल्या मुलाचे गुण जवळजवळ सारखेच असतात; त्या दोघांना वेगळे करणारा भाग बव्हंशी योगायोगाचा असतो. अशा सीमारेषेवरील मुलांचा दहा-बारा वर्षे पाठपुरावा केला, तर जो फरक आढळेल तो शाळेच्या खात्यावर मांडता येईल. निकालाच्या टक्केवारीपेक्षा हा आकडा कितीतरी मोलाचा आहे.

दुसरा प्रश्न, प्रवेश नेमका कोणाला मिळतो? किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत काढलेली असावीत, अशी अट आहे. किमान एकतृतीयांश जागा मुलींसाठी आहेत. अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात, मात्र राष्ट्रीय प्रमाणापेक्षा कमी नाही, असे आरक्षण आहे. अलीकडच्या वर्षांत इतर मागासवर्गीयांसाठीही तरतूद झाली आहे. नियम काटेकोर आहेत. परंतु ग्रामीण असणे आणि गरीब असणे ही एकच गोष्ट नव्हे. तालुक्याच्या गावांतील भिंतींवर 'नवोदय प्रवेश मार्गदर्शन वर्ग' अशा पाट्या आता सर्रास दिसतात. शिक्षकाचा, ग्रामसेवकाचा किंवा कृषी केंद्र चालविणाऱ्याचा मुलगा वर्षभर सराव करून चाचणीला येतो; ऊसतोडणीसाठी आई-बापाबरोबर सहा महिने स्थलांतर करणारी मुलगी अर्ज भरण्याच्या मुदतीत गावात असेलच, असे नाही. दोघेही ग्रामीणच. बौद्धिक क्षमता चाचणी शिकवणीने बदलत नाही, हे गृहीतक या योजनेच्या पायाशी होते. मार्गदर्शन वर्गांच्या भरभराटीने ते बरेच डळमळीत केले आहे.

भाषेविषयीची व्यवस्था मात्र विचारपूर्वक केलेली आहे. आठवीपर्यंत मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा हे माध्यम. त्यानंतर गणित-विज्ञानासाठी इंग्रजी व सामाजिक शास्त्रांसाठी हिंदी. नववीतील सुमारे 30 टक्के विद्यार्थी एका वर्षासाठी हिंदी भाषक प्रदेशातून अहिंदी प्रदेशात व उलट पाठविण्याची योजना आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अशी तीन हजारांहून अधिक मुले परराज्यांतील विद्यालयांत अडकून पडली होती. मे महिन्यात त्यांना बसने घरी पोहोचविण्यात आले. राष्ट्रीय एकात्मता हा शब्द या मुलांनी निबंधात न लिहिता प्रत्यक्ष जगून पाहिला, असे म्हणावे लागेल. तमिळनाडूने त्रिभाषा सूत्रास असलेल्या विरोधामुळे ही योजना स्वीकारली नाही. 2017 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने विद्यालयांना अनुमती देण्याचा आदेश दिला, त्याला त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

खर्चाच्या हिशेबात न येणारी एक बाब आहे. अकरा वर्षांचे मूल घर सोडते. 2013 ते 2017 या पाच वर्षांत नवोदय विद्यालयांतील 49 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याचे 2018 च्या अखेरीस उघड झाले आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्याची दखल घेतली. त्यानंतर समुपदेशकांच्या नेमणुकीचा विषय ऐरणीवर आला. दिवसा वर्ग घेणारा शिक्षकच रात्री वसतिगृहाचा पालक असतो; घराच्या आठवणीने झोप न येणाऱ्या मुलाशी बोलायला त्याच्याजवळ वेळ उरतो का, याचा विचार पदनिर्मितीच्या वेळी व्हायला हवा. ही अपेक्षा फाजील लाडाची नाही.

डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 28 नव्या विद्यालयांना मंजुरी दिली. त्यांपैकी अरुणाचल प्रदेशात 8, तेलंगणात 7, आसामात 6, मणिपूरमध्ये 3, पश्चिम बंगालमध्ये 2 आणि कर्नाटक व महाराष्ट्रात प्रत्येकी 1 आहे. तेलंगणाचा वाटा मोठा दिसतो, त्याचे कारण 2016 मध्ये तेथील 10 जिल्ह्यांचे 31 झाले. 'जिल्ह्यास एक' हे सूत्र असल्यावर जिल्हे वाढले की मागणी वाढतेच. पाच वर्षांचा अंदाजित खर्च 2359.82 कोटी रुपये असून त्यात 1944.19 कोटी भांडवली आहेत. प्रत्येक विद्यालयात 560 जागा धरल्या, तर भांडवली खर्च दर जागेमागे सुमारे 12.4 लाख रुपये पडतो. अर्थात, इमारत अनेक दशके टिकते.

सात इयत्ता आणि प्रत्येकी 80 मुले, म्हणजे सहावीपासून वर्ग भरत गेल्यास विद्यालय पूर्ण भरायला सात वर्षे लागतात. पहिली तुकडी बारावी होईपर्यंत मूल्यमापनाची वाट पाहण्याचे कारण नाही. अर्ज करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आई-वडिलांचे शिक्षण, व्यवसाय आणि मुलाने शिकवणी घेतली की नाही, एवढी नोंद अर्जाबरोबरच घेतली आणि हुकलेल्यांचीही यादी जपून ठेवली, तर त्याला जवळजवळ काहीच खर्च येणार नाही.