अग्निशामकांचा आद्य गुरू : जेम्स ब्रेडवुड

बंब घणघणत गेला की ज्यांची पावले आपोआप थबकतात, अशा माझ्यासारख्या छांदिष्टांना जेम्स ब्रेडवुड हे नाव प्रातःस्मरणीय वाटते. १८०० साली एडिनबरात जन्मलेला हा गृहस्थ १८२४ मध्ये त्या शहराच्या अग्निशामक दलाचा प्रमुख झाला, आणि पुरता स्थिरस्थावर होण्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, जुन्या वस्तीचा मोठा भाग भस्मसात करणारी आग त्याच्यापुढे उभी ठाकली. त्या प्रसंगी जो तो अंमलदार आपापला हुकूम सोडीत होता. आगीच्या जागी अखत्यार एकट्या दलप्रमुखाचा, हे तत्त्व पुढे रूढ झाले ते या गोंधळातूनच.

छपरे शाकारणारे, सुतार, गवंडी, नळकाम करणारे अशी इमारतीच्या अंतरंगाची जाण असलेली माणसे निवडून तो पहाटेच्या काळोखात त्यांची कवायत घेई. आणि रस्त्यावरून धुरावर पाणी उडवीत न बसता, आत शिरून धार थेट जळत्या वस्तूवर धरावी, हा त्याचा दंडक होता. आज तो साधा वाटतो. त्या काळी मात्र धाडसाचाच!

१८३३ मध्ये विमा कंपन्यांनी (परोपकारबुद्धीने नव्हे, हे उघडच आहे) त्याला लंडनच्या दलाचे प्रमुखपद दिले. सेवानिवृत्ती त्याच्या नशिबी नव्हती. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटवरील वखारी पेटल्या असता, थकल्याभागल्या शिपायांची वास्तपुस्त करीत असतानाच अंगावर भिंत कोसळून त्याचा अंत झाला. ती आग दोन आठवडे धुमसत होती.

एडिनबराच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये २००८ पासून त्याचा पुतळा आहे. तिकडे जाणे झाल्यास अवश्य पाहावा.