भुकटीचे कवच ल्यालेला थेंब

स्वच्छ काचेवर पडलेला पाण्याचा थेंब पसरतो. तोच थेंब जलरोधी, म्हणजे पाण्याने न भिजणाऱ्या, भुकटीत घोळवला, तर त्याच्याभोवती कणांचे पातळ कवच तयार होते आणि तो काचेला ओल न लावता घरंगळू लागतो. पास्काल ओसियूस आणि डाव्हिद केरे या फ्रेंच संशोधकांनी २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अशा ‘द्रवगोट्यां’चे वर्णन केले, त्यांनी लायकोपोडियम या वनस्पतीच्या सूक्ष्म बीजाणूंवर सिलेन या रसायनाचा लेप देऊन ती भुकटी वापरली होती.

पाण्याला दूर सारणारे कण पाण्यालाच चिकटून राहतात, ही वरवर विसंगत वाटणारी गोष्ट पृष्ठताणामुळे घडते. पृष्ठताण म्हणजे द्रवाची आपला पृष्ठभाग कमीत कमी ठेवण्याची ओढ. कण थेंबाच्या कडेवर बसला, की पाणी आणि हवा यांच्यातील सीमेचा तेवढा भाग झाकला जातो, ऊर्जा घटते आणि कण तेथेच स्थिरावतो. कणांमधील फटी अतिशय लहान असल्याने आणि कण भिजत नसल्याने पाणी त्यांतून बाहेर झिरपत नाही, पण वायू मात्र ये-जा करतात. अशी गोटी पाण्यावरही तरंगते.

तिची चाल तर अधिकच विस्मयकारक आहे. ग्लिसरीनसारख्या श्यान, म्हणजे घट्टपणामुळे संथ वाहणाऱ्या, द्रवाच्या दोन गोट्या उतारावरून सोडल्यास लहान गोटी मोठीला मागे टाकते, कारण मोठी गोटी स्वतःच्या वजनाने खाली अधिक चपटी होते आणि त्या भागातील घर्षणात तिची अधिक ऊर्जा खर्च होते.

निसर्गाने ही युक्ती फार पूर्वीच साधली आहे. वनस्पतींवरील बंद गाठींमध्ये राहणारे काही मावा कीटक आपल्या चिकट मधुरसाचे थेंब स्वतःच्याच मेणाच्या भुकटीने मढवून बाहेर ढकलतात. तसे केले नाही, तर त्यांची वसाहत स्वतःच्या उत्सर्जनातच बुडून मरेल.

प्रयोगशाळेत द्रवगोटी म्हणजे काही मायक्रोलिटर द्रवात रासायनिक अभिक्रिया घडवणारे इवलेसे पात्र होय. गोटीत दर्शक रसायन असल्यास आत शिरलेल्या वायूमुळे तिचा रंग पालटतो. लोहचुंबकीय भुकटीचे कवच असल्यास ती चुंबकाने हलवता आणि उघडता येते. सर्वांत मोलाचा उपयोग पेशींच्या वाढीत दिसतो, कारण आत चिकटायला पृष्ठभाग नसल्याने पेशी एकमेकींना बिलगून गोलाकार पुंजके करतात आणि असे पुंजके सपाट बशीतल्या थरापेक्षा शरीरातील ऊतींशी अधिक जुळतात. मात्र ज्या फटींतून प्राणवायू आत येतो त्यांतूनच वाफ बाहेर पडते, म्हणून दीर्घ प्रयोगांसाठी या गोट्या दमट कक्षात ठेवाव्या लागतात.