क्रम कुणाचा? : ‘बिग स्टार’च्या तिसऱ्या अल्बमविषयी

माझ्याकडे एकाच अल्बमच्या दोन प्रती आहेत. एक १९७८च्या तबकडीवरून एका स्नेह्याने कॅसेटवर उतरवून दिलेली, दुसरी १९९२ची सीडी. गायक तोच, गाणी बहुतेक तीच. पण कॅसेटवर ‘थँक यू फ्रेंड्स’ हे गाणं सर्वांत शेवटी येतं आणि सीडीवर दुसऱ्या क्रमांकावर. मित्रांचे आभार मानणारं हे गाणं वरकरणी मोठं उत्साही आहे, मागे कोरसही आहे. मात्र दोनदा ऐकलं की त्यातला टोमणा कळतो. शेवटी आलं की हे गाणं कडवट निरोप होतं, सुरुवातीला आलं की दारातच ऐकवलेलं खोचक स्वागत. यातला खरा क्रम कोणता, असा साधा प्रश्न मला पडला आणि त्यामागे मी बराच भटकलो.

गेल्या वर्षी या प्रश्नाला एक घरगुती कारणही मिळालं. एका दिवंगत मित्राच्या कविता संपादनासाठी माझ्याकडे आल्या. सुटे कागद, तारखा नाहीत, एकेका कवितेचे तीन-तीन खर्डे. त्यांचा क्रम लावायला बसलो की मला हटकून मेम्फिसच्या त्या अल्बमची आठवण येई.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात १९७१मध्ये ‘बिग स्टार’ हा चौघांचा बँड तयार झाला : अ‍ॅलेक्स चिल्टन, ख्रिस बेल, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स. नाव घेतलं ते आर्डेंट स्टुडिओसमोरच्या किराणा दुकानाचं. चिल्टन तेव्हाच नावाजलेला होता. १९६७मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी, त्याने ‘बॉक्स टॉप्स’साठी गायलेलं ‘द लेटर’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं होतं. बिग स्टारचं संगीत आज ‘पॉवर पॉप’ म्हणून ओळखलं जातं. बीटल्स आणि किंक्स यांच्यासारखी नेटकी चाल, तीन-साडेतीन मिनिटांचा आटोपशीर बांधा, गळ्यात गळा मिळवून म्हटलेलं ध्रुवपद आणि या गोडव्याखाली करकरणारी इलेक्ट्रिक गिटार, असं त्याचं ढोबळ वर्णन करता येईल. हा शब्द ‘द हू’च्या पीट टाउनशेंडने १९६७मध्ये वापरला होता, पण बिग स्टारच्या काळात त्याची चलती नव्हती.

‘नंबर वन रेकॉर्ड’ (१९७२) आणि ‘रेडिओ सिटी’ (१९७४) या त्यांच्या पहिल्या दोन अल्बमना समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. पण लोक ते विकत घेऊ शकले नाहीत, कारण ते दुकानांत नीट पोहोचलेच नाहीत. वितरण होतं स्टॅक्स या कंपनीकडे. स्टॅक्सचा हातखंडा सोल संगीतात. रॉकच्या बाजारात तिचा तसा जम नव्हता. पुढे स्टॅक्सने वितरणासाठी बलाढ्य कोलंबियाशी करार केला, मात्र तो घडवून आणणाऱ्या क्लाइव्ह डेव्हिसलाच १९७३मध्ये कोलंबियातून जावं लागलं आणि दोन्ही कंपन्यांचं बिनसलं. त्यात बिग स्टारच्या तबकड्या अडकल्या. या बँडविषयी लिहिताना ‘काळाच्या पुढे होते’ असं म्हणायची रीत आहे. मला ते अर्धसत्य वाटतं. काळाच्या पुढे असण्याआधी ते गोदामाच्या आत होते.

तिसरं ध्वनिमुद्रण १९७४मध्ये आर्डेंटमध्येच सुरू झालं तेव्हा बेल आणि हमेल दोघेही बँड सोडून गेले होते. उरले चिल्टन आणि ड्रमवादक स्टीफन्स. निर्माता होता जिम डिकिन्सन, मिश्रणाची बाजू सांभाळत होता स्टुडिओचा मालक जॉन फ्राय. चिल्टनचा बाजारावरचा विश्वास उडालेला होता, आणि ते गाण्यांत उतरलं. डिकिन्सन सांगत असे की ‘डाउन्स’ हे गाणं चालेल असं कुणीतरी म्हणताच चिल्टनने त्यातल्या स्नेअर ड्रमच्या जागी चक्क बास्केटबॉल बडवायला घेतला. ‘कांगारू’ची गोष्ट याहून बोलकी. चिल्टनने आवाज आणि बारा तारांची गिटार एकाच ट्रॅकवर मुद्रित केली. त्यामुळे ती दोन्ही वेगळी काढून मिश्रण करण्याची सोयच राहिली नाही. ती टेप त्याने डिकिन्सनपुढे टाकली : निर्माता आहेस ना, मग कर आता याचं काहीतरी. डिकिन्सनने त्याभोवती मेलोट्रॉन, ठेचकाळणारे ड्रम आणि किंचाळणारी गिटार रचली. गाणं मोडून पडायच्या बेतात असतं आणि शेवटपर्यंत पडत नाही.

पण हा अल्बम म्हणजे नुसती मोडतोड नव्हे. स्टीफन्सला स्वतःच्या ‘फॉर यू’ या गाण्यासाठी व्हायोलिन-चेलोची साथ हवी होती. त्यासाठी कार्ल मार्शला बोलावलं गेलं. चिल्टनला ती रचना इतकी भावली की त्याने आपल्या गाण्यांसाठीही मार्शकडून तशी साथ लिहून घेतली. या अल्बममध्ये उद्ध्वस्तपणाच्या शेजारी जे विलक्षण मार्दव आहे, त्याचं बरंच श्रेय या योगायोगाला आहे.

१९७५मध्ये नमुन्याच्या तबकड्या निघाल्या. फ्राय आणि डिकिन्सन त्या घेऊन कंपन्यांचे उंबरठे झिजवून आले. कुणीही हात लावला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस स्टॅक्सचंही दिवाळं निघालं. अल्बम कपाटात गेला आणि चिल्टन दुसऱ्या वाटेला लागला. १९७८मध्ये वारं थोडं फिरलं. इंग्लंडमध्ये पहिले दोन अल्बम पुन्हा निघाले आणि अमेरिकेत पीव्हीसी या छोट्या कंपनीने हा तिसरा बाजारात आणला. त्याच वर्षीच्या २७ डिसेंबरला ख्रिस बेल मोटार अपघातात गेला. तो २७ वर्षांचा होता.

अल्बम कपाटात होता त्या वर्षांत एक गोष्ट घडली, किंवा घडायची राहून गेली. अल्बम बाजारात जाताना काही निर्णय घ्यावेच लागतात : नाव काय, मुखपृष्ठ कोणतं, कोणती गाणी ठेवायची, कोणत्या क्रमाने. इथे ते कलावंतांनी घेतलेच नाहीत. म्हणून अमेरिकेत तो ‘थर्ड’ झाला, इंग्लंडमध्ये ‘द थर्ड अल्बम’, १९९२च्या सीडीवर ‘थर्ड / सिस्टर लव्हर्स’. तो बिग स्टारचा म्हणायचा की चिल्टनचा एकट्याचा, यावरही एकमत नाही. प्रत्येक प्रकाशकाने आपला क्रम लावला आणि प्रत्येक क्रमातून वेगळा माणूस उभा राहिला. १९७८च्या क्रमात शेवट टोमण्याने होतो. १९९२मध्ये मूळची गाणी ‘टेक केअर’वर संपतात, म्हणजे काळजी घे असं सांगत, जवळजवळ अंगाईच्या सुरात.

या अपुरेपणाने त्याचं नुकसान झालं का? ‘धिस मॉर्टल कॉइल’ने १९८४मध्ये यातली ‘होलोकॉस्ट’ आणि ‘कांगारू’ नव्याने गायली. ‘रिप्लेसमेंट्स’ने १९८७मध्ये चिल्टनच्या नावाचंच गाणं केलं, तेही डिकिन्सनच्याच हाताखाली. २००३मध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या पाचशे श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत तो ४५६वा होता. पण ही उशिरा फेडलेली भरपाई सांगून गोष्ट गोड करणं मला प्रामाणिक वाटत नाही. मधल्या काळात चिल्टनने न्यू ऑर्लीन्समध्ये उपाहारगृहात भांडी घासली होती आणि बेलला तर यातलं काहीच पाहायला मिळालं नाही.

२०१६मध्ये ‘कम्प्लीट थर्ड’ या नावाने तीन सीडींचा संच निघाला. त्यात एकूण ६९ ध्वनिमुद्रणं आहेत : गिटारवर एकट्याने गायलेले कच्चे खर्डे, मधली मिश्रणं, शेवटची रूपं. हा संच ऐकताना मला पहिल्यांदा माझ्या प्रश्नातली चूक दिसली. खरा क्रम कुठेतरी दडलेला आहे आणि तो शोधून काढायचा आहे, असं मी धरून चाललो होतो. तसा क्रम नव्हताच. संपादकाने क्रम लावावा, त्याशिवाय ऐकणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. मात्र तो कलावंताच्या तोंडी घालू नये.

मित्राच्या कवितांचा क्रम मी अखेर लावला. प्रत्येक कवितेचे मागचे खर्डेही परिशिष्टात दिले. प्रस्तावनेच्या पहिल्याच ओळीत लिहिलं आहे : हा क्रम माझा आहे, त्याचा नव्हे.