पावलांची मोजदाद

जमिनीवर रंगीत पट्टी दिसली की लोक थबकायचे. तिच्यावर पाय दिला तर शॉक बसेल का, असे काही जण विचारायचे. काही जण विचारायच्या भानगडीत न पडता सरळ उडी मारून पलीकडे जायचे. मॉल, गर्दीची हॉटेले, मंदिरे अशा ठिकाणी या पट्टीच्या तीसएक चाचण्या झाल्या, तेव्हा ती बनवणाऱ्या गटातला निलय कुलकर्णी पंधरा वर्षांचा होता आणि बाकीचे नुकतेच विशीत आलेले. पट्टीचे काम एकच, आपल्यावरून किती पावले गेली ते मोजायचे. पण पावले उडी मारून जाऊ लागली तर मोजायचे काय?

उपकरणाचे नाव ‘आशिओतो’. ते तयार झाले नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी, आणि त्याच्यामागे होता आधीचा सिंहस्थ. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या सरदार चौकाच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा जीव गेला. पंचवटीतल्या जुन्या माणसांना तो दिवस अजून आठवतो. तिथला उतार आणि दोन्ही बाजूंची घरे ज्याने पाहिली आहेत, त्याला तिथे काय झाले असेल हे वेगळे सांगावे लागत नाही.

चेंगराचेंगरी म्हटले की पळापळ डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात बहुतेक माणसे उभ्या उभ्या गुदमरून जातात. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसे झाली की प्रत्येकाचे स्वतःच्या पायांवरचे नियंत्रण सुटत जाते, गर्दी पाण्यासारखी हेलकावे खाऊ लागते आणि छातीवर इतका दाब येतो की श्वास घ्यायला जागा उरत नाही. मागच्याला पुढचे दिसत नसते, तो ढकलत राहतो. हे मोकळ्या मैदानात क्वचित घडते. घडते ते वाट अरुंद होते तिथे, म्हणजे बोळाच्या तोंडाशी, पुलावर, घाटाच्या पायऱ्यांवर. म्हणून सगळे शहर मोजण्याची गरज नाही. अशा मोजक्या जागांवर आत किती गेले आणि बाहेर किती आले एवढे दर मिनिटाला कळले, तरी धोका आधी ओळखता येतो.

ही कल्पना ‘कुंभथॉन’मधून आली. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे रमेश रासकर यांनी २०१४ च्या सुरुवातीला नाशिकमध्ये हा उपक्रम सुरू करायला पुढाकार घेतला. सिंहस्थात जे प्रश्न उभे राहणार, म्हणजे गर्दी, निवारा, साथीचे आजार, उरलेले अन्न, त्यांवर शहरातल्या तरुणांनीच उत्तरे शोधायची. इंजिनिअरिंगची मुले होती, डॉक्टर होते, उद्योजक होते, आणि त्यांच्यात शाळेच्या वयाचा एक मुलगाही होता. तासिका, गुण किंवा प्रकल्पवही यांच्याशी या उपक्रमाचा संबंध नव्हता. तारीख मात्र पक्की होती. पहिली पर्वणी, म्हणजे मोठे स्नान, २९ ऑगस्ट २०१५ ला होती, आणि ती कुणाच्या सबमिशनसाठी पुढे ढकलली जाणार नव्हती.

पहिला नमुना पुठ्ठा आणि अॅल्युमिनियमच्या फॉइलचा, तीन दिवसांत केलेला. तो चालला. मग धातूच्या पत्र्यांत पिझोइलेक्ट्रिक चकत्या बसवल्या. या चकत्यांवर दाब पडला की विजेचा बारीकसा ठोका निघतो, तो मोजायचा. यंत्राच्या दृष्टीने इथे प्रश्न संपला होता. माणसांच्या दृष्टीने तो आत्ता कुठे सुरू झाला, कारण रंगीत पट्टीला लोक घाबरत होते. शेवटी धोक्याच्या ठिकाणी सुरक्षेसाठी वापरतात तो कारखान्यातला सेन्सर घेतला आणि त्यावर काळे निओप्रीन रबर चढवले. काळ्या रबरावर धूळ बसते, थोड्या वेळाने ते जमिनीसारखेच दिसू लागते, आणि मग कुणी उडी मारत नाही.

रुंदीचा हिशेबही लोकांच्या पायांनीच ठरवला. चटई अरुंद असेल तर लांब टांग टाकणारा तिला न शिवताच पार होतो. जास्त रुंद झाली तर एकाच माणसाची दोन पावले पडून एकाचे दोन मोजले जातात. बऱ्याच चाचण्यांनंतर मधले माप निघाले अठरा इंच. उंची बारा मिलिमीटरच्या वर गेली तर ठेच लागण्याची भीती, आणि गर्दी रोखायला ठेवलेल्या चटईनेच गर्दी पाडली तर काय घ्या! गटाने ती चार मिलिमीटरवर आणली. आकडे वायफायने सर्व्हरवर जात आणि कुठे दाटी होते आहे ते नकाशावर रंगांनी दिसे. कुणाचा चेहरा टिपला जात नव्हता, कुणाचा मोबाइल तपासला जात नव्हता. ते पाऊल महंताचे की भेळवाल्याचे, याच्याशी चटईला काही देणेघेणे नव्हते.

सिंहस्थात अशा पाच चटया बसल्या. अठरा तासांत पाच लाखांवर माणसे मोजली गेली. भागाकार करून पाहिला तर एका चटईवरून मिनिटाला सरासरी नव्वद माणसे, म्हणजे सेकंदाला दीड. हा वेग लक्षात घेतला की चुकीची किंमतही कळते. मोजणीत शंभरात एकाची गफलत झाली, तरी पाच लाखांमागे पाच हजार माणसे कागदावर जास्त किंवा कमी होतात. दोन पावलांचा घोळ मिटवण्यासाठी इंचाइंचावर एवढे डोके का लावले, ते इथे समजते.

त्या वर्षी नाशिकमध्ये चेंगराचेंगरी झाली नाही. ही चटईची कमाई, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. पहिल्या पर्वणीला पोलिसांनी इतके अडथळे उभारले होते की भाविकांना कोसन् कोस चालावे लागले, गर्दी अपेक्षेपेक्षा बरीच कमी आली आणि बंदोबस्तावर टीका झाली. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला निर्बंध सैल झाले आणि घाट फुलले. घाटांची नवी बांधणी, रस्त्यांची आखणी, हजारो पोलीस आणि स्वयंसेवक यांच्यात पाच चटया हा छोटासा भाग होता. निलयनेही टेडच्या व्यासपीठावर ही गोष्ट सांगताना आपल्या उपकरणाबरोबर इतर प्रयोगांचा उल्लेख केला आणि आशिओतोची संगणकीय आज्ञावली सर्वांसाठी मोफत खुली करण्याचा मनोदय सांगितला. पंधराव्या वर्षी सुरू केलेल्या कामाचे एवढे मोल पुष्कळ आहे, ते फुगवायची गरज नाही.

हे सगळे शाळेबाहेर घडले. आता शाळेकडे वळू. समाजासाठी काही करत शिकणे आपल्याकडे नवे नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत नई तालीम मांडली गेली, कोठारी आयोगाने कार्यानुभव आणि समाजसेवा सुचवली, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे भारदस्त नाव दिले. वर्गात पोहोचेपर्यंत त्याचे काय झाले, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: कागदी फुले, खडू, पायपुसणी. पायपुसणे करणे वाईट नव्हे. पण ते कुणाच्या दारात पडले आणि कुणी त्याला नावे ठेवली, हे करणाऱ्याला कधी कळत नसे. ते वर्गावर जमा व्हायचे, गुण मिळायचे, विषय संपायचा.

तंत्रज्ञान आले म्हणून हे आपोआप सुधारले नाही. आज कुठल्याही तालुका विज्ञान प्रदर्शनात गेले तर अंधांसाठीची आवाज करणारी काठी आणि आपोआप झाकण उघडणारी कचराकुंडी हमखास भेटते. काठीत अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो, आर्डुइनो असतो, सजवलेला तक्ता असतो. ती काठी किती अंध माणसांच्या हातात दिली, हे विचारले की मुले सरांकडे पाहतात. एखाद्या दृष्टिहीन आजोबांनी तासभर वापरली असती, तर ती गर्दीत सतत वाजते आणि त्या कलकलाटात रिक्षाचा आवाज ऐकू येत नाही, हे त्यांनीच सांगितले असते. मग मुलांचे खरे शिक्षण सुरू झाले असते. दोष मुलांचा नाही. परीक्षक वर्गाबाहेरचा असावा, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नाही.

हे ज्यांनी फार आधी ओळखले, ते डॉ. एस. एस. कलबाग. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे तयार झालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे आणि राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला विषय म्हणून मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस हातांनी काम. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. शिकवणारे निदेशक बहुधा त्याच भागातले, हातात कसब असलेले. मुले वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, माती तपासतात, रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासायला शिकतात, शोषखड्डे खणतात.

त्यातली खरी कळ लोकसेवेत आहे. मुलांनी शिकलेले काम गावासाठी किंवा शाळेसाठी करायचे आणि शक्य तिथे त्याचे पैसे घ्यायचे. ऐकायला हे थोडे खटकते, सेवा आणि पैसे? पण ज्याने गेटच्या दुरुस्तीचे पैसे मोजले तो ते नीट लागत नसेल तर दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन उभा राहतो. फुकट मिळालेल्या वस्तूला कुणी नावे ठेवत नाही, आणि नावे न ठेवलेल्या वस्तूतून कुणी काही शिकत नाही. २००२ मध्ये याच पाबळला एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. संगणकाने चालणारी कटिंग यंत्रे आली आणि दुधाची प्रत तपासण्यासारखे गावाचे प्रश्न त्यांच्यासमोर ठेवले गेले.

धारावीतल्या मुलींनीही हाच रस्ता धरला. नवनीत रंजन यांच्या ‘धारावी डायरी’ प्रकल्पात शाळकरी मुली एमआयटीचे अॅप इन्व्हेंटर वापरून मोबाइल अॅप बनवायला शिकल्या. त्यातले एक अॅप नळावरच्या पाण्याच्या रांगेसाठी, दुसरे मुलींच्या सुरक्षिततेसाठी. पाण्याची रांग हा विषय त्यांना कुठल्या पुस्तकात शोधावा लागला नाही. रोज हंडा घेऊन उभे राहणाऱ्या त्याच होत्या.

नाशिकमध्ये कुंभथॉननंतर टाटा कन्सल्टन्सीच्या पुढाकाराने ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्र उभे राहिले. लासलगाव भागातल्या कल्याणी शिंदे यांनी इंजिनिअरिंग शिकत असताना कांद्याच्या चाळीचा प्रश्न घेतला, त्याची वाट याच केंद्रातून गेली. चाळीत ढिगाच्या पोटात एक कांदा सडला की वास बाहेर येईपर्यंत शेजारचे पन्नास गेलेले असतात. तापमान, आर्द्रता आणि सडताना सुटणारे वायू टिपून शेतकऱ्याला आधीच इशारा देणारे उपकरण त्यांनी विकसित केले. त्या कॉलेजात होत्या हे खरे. पण चाळीत शिरून कांद्याचा वास ओळखणे निफाड-येवल्याच्या सातवीतल्या मुलालाही जमते, कित्येकदा इंजिनिअरपेक्षा चांगले.

साधनांचे म्हणाल तर ती येत आहेत. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्सचे संच येतात. देशात अशा दहा हजार लॅब झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी पन्नास हजार लॅबची घोषणा झाली. ‘इन्स्पायर मानक’ योजनेत ज्याची कल्पना निवडली जाते त्या मुलाला दहा हजार रुपये मिळतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. पण लॅबची किल्ली कुणाकडे असते, संच मोडला तर कुणाच्या पगारातून कापतील या भीतीने तो कपाटातच राहतो का, दहा दिवस सहलीत जातात की कामात, हे त्या त्या शाळेवर ठरते. थ्रीडी प्रिंटरवर गणपतीची मूर्ती आणि शाळेचे बोधचिन्ह छापून लॅबचे उद्घाटन होते. तिथून पुढची पायरी गावाच्या दिशेने असावी, एवढीच अपेक्षा.

नाशिकच्या शाळांपुढे तर विषय आपण होऊन चालत आला आहे. जाहीर वेळापत्रकानुसार पुढच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिले मोठे स्नान २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवती अमावास्येला आहे. त्या दिवशी घाटावर कुठलीही शाळा नवे यंत्र पहिल्यांदा लावू शकत नाही, पोलीस लावूही देणार नाहीत. चाचणी लहान गर्दीत व्हावी लागेल, आणि लहान गर्दीची नाशिकला वाण नाही. त्र्यंबकला तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा असते, नवरात्रात कालिकेची यात्रा भरते, चैत्रात सप्तशृंगगडावर उत्सव असतो आणि पंचवटीत राम-गरुड रथ निघतात. अरुंद वाटा, पायऱ्या, हरवलेली म्हातारी माणसे, पाण्याचे टँकर, चपलांचे ढीग, सगळे तिथे लहान प्रमाणात असते. ध्वजारोहणानंतर आणि पहिल्या स्नानाआधी चैत्र मात्र एकच येतो, एप्रिल २०२७ चा. रथोत्सव एकादशीला, म्हणजे नेमका वार्षिक परीक्षांच्या दिवसांत. आठवी-नववीच्या मुलांना त्या आठवड्यात दोन दिवस मोकळे ठेवायचे की नाही, हे मुख्याध्यापकांना परीक्षेचे वेळापत्रक फळ्यावर लावण्याआधी ठरवावे लागेल.