सामूच्या रकान्यातील लघुगणक

अंबड-घनसावंगीकडील मोसंबीच्या बागायतदाराच्या हाती जी मृदा आरोग्य पत्रिका पडते, तिच्यातील नत्र, स्फुरद, पालाश यांचे रकाने तो काळजीपूर्वक वाचतो; परंतु सामूच्या रकान्यात गतसाली ८.२ होते आणि यंदा ८.५ निघाले, तर एवढ्या क्षुल्लक तफावतीची दखल घ्यावी असे त्याला वाटत नाही. दोष त्याचा नव्हे. नत्र-पालाशाचे आकडे हा हेक्टरी किलोंचा सरळ हिशेब असताना त्यांच्याच पंक्तीला बसलेला हा आकडा मात्र लघुगणक आहे, हे नुसता रकाना पाहून कोणास कळावे?

१९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअर गाळणाऱ्यांच्या आश्रयाने, सोरेन्सन यांनी हे माप योजिले. लिटरभर द्रावणात हायड्रोजन आयन ०.००००००००६३ मोल असतील, तर त्या संख्येचा दहाच्या पायावरील लघुगणक काढून चिन्ह पालटावे, की सामू मिळतो. हेन्री ब्रिग्ज यांनी १६२४ साली ज्यांची विस्तृत कोष्टके छापली, त्या या लघुगणकांची खुबी अशी, की पूर्णांश केवळ दशांशचिन्हाच्या स्थानावरून ठरतो आणि अपूर्णांश केवळ अंकांवरून. ६३ म्हणजे ७×३×३. सातचा लघुगणक ०.८४५१, तीनचा ०.४७७१, तो दोनदा घेऊन बेरीज १.७९९३, म्हणून ६.३ चा ०.७९९३. दशांशचिन्ह नऊ घरे सरकलेले, सबब त्यातून ९ वजा करावेत: उरतात उणे ८.२००७, आणि चिन्ह पालटताच सामू ८.२.

आता त्या तफावतीकडे पाहू. दोनचा लघुगणक ०.३०१०, अर्थात ८.२ चे ८.५ झाले, याचा अर्थ हायड्रोजन आयन निम्म्यावर आले. बसाल्टच्या झिजेतून झालेल्या, चुनखडीने भारलेल्या काळ्या जमिनीत हे प्रकरण एवढ्यावर मिटत नाही, कारण द्रावणातील फेरिक लोहाचे आयन हायड्रोजन आयनांच्या घनाच्या प्रमाणात राहतात: ते निम्मे झाले की हे अष्टमांशावर येतात, आणि सामू पूर्ण एकाने चढला की सहस्रांशावर. मातीत लोह विपुल असूनही मोसंबीची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, त्या केवड्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. आणि अशा जमिनीत ओतलेले हिराकस मुळांच्या हाती लागण्यापूर्वीच बव्हंशी अविद्राव्य होत असल्याने, तेच पाण्यात विरघळवून पानांवर फवारणे श्रेयस्कर ठरते.