शब्दांची छावणी – ९ : पिछाडी, चंदावल आणि खिंड

मागच्या आठवड्यात ‘बिनी’ पाहिली, फौजेच्या आघाडीला चालणारी तुकडी. ‘बिनीचा शिलेदार’ म्हटलं की आजही छाती फुगते. दुसऱ्या टोकाच्या तुकडीला ‘चंदावल’ म्हणत. तो शब्द जुन्या कागदांत अडकून पडला. ‘पिछाडी’ तेवढी टिकली, तीही बदनाम होऊन. मतमोजणीच्या दिवशी नांदेड-लातूरच्या कुठल्याही टपरीवर ‘पिछाडीवर’ म्हणजे पडल्यात जमा!

फौज माघारी निघाली की मात्र पिछाडीला सर्वांत भरवशाची माणसं लागत. त्यांनी जिंकावं अशी अपेक्षाच नसे. वेळ काढावा, एवढीच असे. आडोसा धरून थांबायचं, पाठलाग करणाऱ्याला फळी मांडायला लावायची आणि ती मांडून होते तोवर निसटून पुढचा आडोसा गाठायचा. लवकर हटलं तर मुख्य फौज सापडते, उशीर झाला तर आपणच वेढले जातो.

आडोसाच नसेल तर काय होतं, ते आपल्या उदगीर-औशाच्या माळानं पाहिलं आहे. १७६० च्या सुरुवातीला सलाबतजंग आणि निजामअलीची फौज उदगीरहून धारूरच्या कुमकेकडे सरकत होती. सदाशिवरावभाऊंच्या घोडदळानं तिला चालता चालता घेरलं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्याच. चारही बाजूंना गनीम म्हटल्यावर पिछाडी कुठली आणि आघाडी कुठली? ३ फेब्रुवारीला औशाजवळ निजामी फौजेचा एक भाग कापला गेला आणि निजामाला तह करावा लागला. दौलताबाद, बुऱ्हाणपूर, अशीरगड अशी ठाणी मराठ्यांकडे आली.

पिछाडीची दुसरी आठवण नांदेडात विसावली आहे. डिसेंबर १७०४ मध्ये पंजाबातल्या चमकौरच्या वेढलेल्या गढीत गुरू गोविंदसिंगांसोबत चाळीसेक शीख होते. गुरूंचे दोघे थोरले पुत्र तिथंच धारातीर्थी पडले. रात्री गुरू बाहेर पडले, तेव्हा त्यांची कलगी लावून संगतसिंग गढीतच थांबले, असं परंपरा सांगते. गुरूंचा शेवटचा मुक्काम १७०८ मध्ये गोदाकाठी, नांदेडला झाला.

मराठी वाचकाला इथं शिवा काशीद आठवणारच. चमकौरच्या ४४ वर्षं आधी, जुलै १६६० मध्ये, शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटले, तेव्हा महाराजांचं सोंग घेऊन तो शत्रूच्या हाती लागला. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले, महाराज विशाळगडी पोचेपर्यंत. चंदावलीचा सारा मान त्या एका खिंडीनं उचलला आणि भाषेला ‘खिंड लढवणे’ मिळालं. आता क्रिकेटच्या मैदानात शेवटची जोडीही खिंडच लढवते.

इंग्रजीतला ‘रिअरगार्ड ॲक्शन’ हा प्रयोग बऱ्याचदा हरत चाललेल्या बाजूच्या धडपडीला लावतात. त्यात थोडी कीव असते. आपल्या ‘खिंडी’त ती नाही, कारण बाजीप्रभू पडले तरी ज्यासाठी पडले ते साधलं होतं. म्हणून हा शब्द वापरताना एक विचारावं: याच्या पाठीमागं कोण सुखरूप पोचतंय? पट घटलेल्या वाडीवरच्या शाळेत चार पोरांना दहावीपर्यंत नेणारे गुरुजी खिंड लढवतात. खुर्ची न सोडणारे अध्यक्ष नुसतेच वाट अडवून बसलेले असतात.

(पुढच्या आठवड्यात : ‘मुलूखगिरी’)