पिवळ्या दिव्याची भाषा

घाट चढून बेळगाव-निपाणीकडे जाणे ही किनारपट्टीवरील माणसाला नवी गोष्ट नव्हे. कुणी सोयरिकीसाठी जातो, कुणी व्यापारासाठी, तर कुणी आजारी आप्ताला घेऊन बेळगावचे इस्पितळ गाठतो. चोर्ला आणि आंबोलीचे घाट तेच, तेथील धुके तेच. बदलली आहे ती मोटार. भारतात अलीकडे मध्यमवर्गीयांच्या गाड्यांतही चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा येऊ लागली. ती पुढील वाहनाचे अंतर मोजते, मार्गिका सुटू लागताच सावध करते आणि प्रसंगी स्वतःच ब्रेक लावते. मात्र भर पावसात घाटमाथ्यावर पोहोचताच तिचा पिवळा दिवा लागतो, आणि तो लागला म्हणजे काय करावे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. कुणी घाबरतो, कुणी दुर्लक्ष करतो. दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत.

या यंत्रणेला डोळे दोन. एक, समोरच्या काचेवर आरशामागे बसविलेला कॅमेरा. दुसरा, पुढच्या जाळीत वा बंपरमागे दडलेले रडार. कॅमेऱ्याला दाट धुके आंधळे करते. रडारच्या लहरी धुक्यातून पार जातात. परंतु ओल्या चिखलाचा थर त्यांनाही अडवितो. घाटातील तांबडी माती आणि निपाणीकडील काळी माती या दोघी मिळून हे काम चोख बजावतात. तेव्हा पहिली शंका यंत्रावर नव्हे, चिखलावर घ्यावी.

रंगाची भाषा प्रथम समजून घ्यावी. तांबडा दिवा म्हणजे सुरक्षित जागी तत्काळ थांबा. पिवळा म्हणजे गाडी बहुधा चालेल, पण साहाय्यक कामावर नाही. अशा वेळी वेग कमी करून, पेट्रोल पंपासारखी मोकळी जागा पाहून थांबावे. मऊ ओल्या फडक्याने कॅमेऱ्यापुढची काच व रडारवरील आच्छादन पुसावे, काचेवर आतून धरलेली वाफ घालवावी आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू करावे. दिवा विझला तर रोग धुण्यासारखाच होता. अरुंद घाटरस्त्यावर पांढरे पट्टेच नसतील तर मार्गिकेची सूचना बंद राहणे, हा तर दोषही नव्हे.

दिवा पुन्हा लागला तर टायरांतील हवा तपासावी. जोडीला एबीएसचा दिवाही लागला असेल, तर चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा संशय घ्यावा. एकाच वेळी अनेक दिवे लागले, तर थकलेली बॅटरी हेही कारण असू शकते. त्यानंतर स्वतःलाच विचारावे : अलीकडे गाडीला काय केले? काच बदलली, बंपर रंगविला, चाकांचे अलाइनमेंट केले, की पुढे लोखंडी गार्ड बसविला? गार्डला केंद्र सरकारने २०१७ सालीच मनाई केली आहे. काच बदलल्यावर कॅमेऱ्याची दिशा पुन्हा जुळवावी लागते. ती एका अंशाने चुकली, तर शंभर मीटरवर पावणेदोन मीटरांचा फरक पडतो, म्हणजे साडेतीन मीटरांच्या मार्गिकेची निम्मी रुंदी! असा चकलेला डोळा बंद डोळ्याहूनही अधिक धोक्याचा.

म्हणूनच वायर काढून दिवा विझविणाऱ्या कारागिराला 'हुशार' म्हणण्याची आपली सवय सुटली पाहिजे. ताप मोजणारी नळी फोडल्याने ताप उतरत नाही. संगणकावर दोषाचा क्रमांक वाचून घ्यावा, तो बिलावर लिहून मागावा आणि कारण दूर झाल्यावरच पुसू द्यावा. बेळगावच्या उद्यमबागेत सूक्ष्म मापाचे सुटे भाग घडविणारे हात आहेत. उणीव आहे ती या नव्या विद्येच्या शिक्षणाची व साधनांची. मोटार कंपन्यांनी या भागात प्रशिक्षण द्यावे आणि दिव्यांचा अर्थ सांगणारे पान मराठीत व कानडीतही छापावे. सीमेचा वाद आपल्या जागी राहो. रस्त्यावरील धोका भाषा विचारून येत नाही. महामार्गावरील पुसट पट्टे वेळेवर रंगविणे, हे मात्र सरकारचेच काम.

उसाच्या हंगामात निपाणी-संकेश्वर पट्ट्यात मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारातून अकस्मात समोर येते. तवंदी घाटाच्या उतारावर तर क्षणभराची गफलतही पुरे. यंत्रणा जागी असेल तर त्या क्षणी तिचा उपयोग होईल. ती झोपली आहे हे ठाऊक असेल तर चालक तरी जागा राहील. पिवळा दिवा सांगतो तो एवढेच. साहाय्यक रजेवर गेला तरी सारथ्याला रजा नसते.